पाऊस थांबला, तरी पाणी का चढतं?

प्रश्न : आम्ही वडोदऱ्याला अकोट्यात तळमजल्यावर राहतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाऊस उघडला म्हणून निर्धास्त झालो, आणि मग पाणी घरात शिरलं. दोन दिवस ओसरेना. असं का होतं? सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. घर विकून टाकावं का?

उत्तर : ताई, त्या रात्री मीही असाच गाफील राहिलो. नोकरीत बत्तीस वर्षं जमिनीचे चढउतार मोजले, तरी आभाळ निवळलेलं पाहून कारेलीबागेतल्या घरात झोपी गेलो. पहाटे जाग आली ती फ्रिज आडवा होऊन दारावर आपटला त्या आवाजानं. देवघरातले टाक उपरण्यात बांधून माडीवर नेले, बाकी सगळं खालीच राहिलं.

आपल्या डोक्यावर पडतो तेवढाच पाऊस पूर आणत नाही. आपल्या शहरातली विश्वामित्री नदी येते पावागडाच्या डोंगरातून. तिकडचं पाणी आजवा आणि प्रतापपुरा सरोवरांत साठतं. आजव्याची पातळी २११ फुटांपुढे गेली की तिथलं पाणी नदीत उतरू लागतं आणि शहरात पोचायला त्याला काही तास लागतात. आपल्याकडे ऊन पडलेलं असतं तेव्हा ते वाटेत असतं. ३१ जुलै २०१९ ची गोष्ट वेगळी. तेव्हा शहरावरच एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर कोसळला होता.

आता ओसरेना का, ते. शहर सोडल्यावर नदी सपाटीवरून वळणं घेत ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला. तिथली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी. देव धरणातून सोडलेलं पाणीही ढाढरमध्येच येतं. ढाढर तुडुंब असली की विश्वामित्रीला पुढे वाट मिळत नाही, ती मागे फुगत येते. पूर्वी असं फुगलेलं पाणी कोतरांत, म्हणजे नदीकाठच्या घळींत, पसरून राहायचं. माझ्या लहानपणी दांडिया बाजारातून आम्ही पोरं सायकलवर कोतरं बघायला जायचो. आज त्यांतली कित्येक राडारोडा टाकून बुजवली आहेत, वर बंगले उभे आहेत. याचं मला फार वाईट वाटतं. पाण्याची जागा घेतली, म्हणून ते आपल्या जागेत येतं.

तेव्हा आभाळाकडे बघत बसू नका, दोन आकडे बघा : आजव्याची पातळी आणि काळा घोडा पुलापाशी नदीची उंची. तिथे २५ फुटांवर धोका धरतात. २०२४ मध्ये नदी ३५ च्या वर गेली होती. पण तुमच्या घराचा आकडा वेगळा, तो तुम्हीच काढायचा. सोसायटीतल्या जुन्या माणसांना विचारा, फाटकाशी पाणी आलं तेव्हा पुलावर किती होतं? समजा २८. मग २४ झाले, नदी चढतीच आहे आणि आजवाही भरलाय, की सासूबाईंना हलवायचं, रस्ता कोरडा असतानाच. पुराच्या पाण्यातून चालायची वेळ येऊ देऊ नका. या नदीत मगरी आहेत आणि पुरात त्या सोसायट्यांत शिरतात. निघताना मेन स्विच बंद करा. गाडीत पाणी शिरलं असेल तर चावी फिरवू नका, इंजिन जाईल. घराच्या विम्यात पूर धरलाय का, तेही आजच वाचून घ्या.

भिंतीवरची गाळाची रेघ रंगाखाली गेली नसेल तर छिन्नीनं तिथे खूण करून ठेवा, फरशीपासून मोजून.

घर विकायचं म्हणाल, तर माझं मत : घाबरलेल्या मनानं विकू नका, आणि विकलंच तर घेणाऱ्याला ती रेघ दाखवा. त्याच्याही घरी कुणी म्हातारं असेल. रेघ गुडघ्याच्या आत असेल तर मीटर आणि प्लगची बटणं वर घेऊन भागेल. कमरेच्या वर असेल, तर सासूबाईंसाठी आषाढ ते भाद्रपद वरच्या मजल्यावर एखादी खोली भाड्यानं बघा. मोजलीत की उंची मला कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.