कामतांचे 'कामोतीम' कसे झाले?

प्रश्न : ताई, आमचं आडनाव कामत. आजोबा पोर्तुगीज अमदानीत फोंडा तालुक्यातून मुंबईला आले. त्यांच्या जन्माच्या नोंदीचा उतारा गोव्याहून मिळाला, त्यात आडनाव 'कामोतीम' असं काहीतरी दिसतं. शाळेच्या दाखल्यावर 'कामत' आहे, तर चुलत आजोबांच्या इंग्रजी कागदांवर 'कामथ'. हा उतारा आमच्याच माणसाचा, की कारकुनाने घोळ घातलाय? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कारकुनाला बोल लावू नका, त्याने रीतसर लिहिलंय. सी-ए-एम-ओ-टी-आय-एम हे गोव्याच्या जुन्या दप्तरातलं कामतांचं नेहमीचं रूप. तिथल्या रस्त्यांवरच्या रोमन पाट्या आठवा. केपें क्यूने सुरू होतं, काणकोण सीने, आणि डिचोलीच्या शेपटाला एम असतो. आडनावंही याच हिशेबाने लिहिली गेली. पोर्तुगीज लिखाणात के जवळजवळ नाहीच. शेवटचा एम हा 'म' नव्हे, तो नाकातला उच्चार दाखवतो; पणजीचं पंजीम त्यानेच केलं. कोकणीतल्या 'अ'साठी ओ येतो. तेव्हा तुमच्या उताऱ्यात वाचायचं 'कामतीं'. प्रभूंचे 'पोरोबो' झाले तेही या ओमुळेच. शेट एक्सने लिहिलेले असतात. केंकरे के खाली शोधून लोक हात हलवत परत येतात, आणि केंकरे मात्र क्यूच्या पानावर! हस्तलिखितात तर शेवटचं आय-एम बघता बघता यू-एन वाटायला लागतं, तेव्हा छापील यादीवर विसंबू नका, मूळ पान बघा.

गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख राहिलेले इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर (1894–1969) यांच्या पोर्तुगीज ग्रंथांवर नाव 'पांडुरोंगा' असं आहे, आणि आडनावात 'ले'नंतर एक एन. पिसुर्लें गावच्या अनुस्वाराचा तो एन. उभं आयुष्य जुन्या कागदांत घालवलेल्या माणसाचंही नाव असंच छापलं गेलं, मग तुमच्या आजोबांचं काय घेऊन बसलात!

'कामथ'चं कोडं सोपं आहे. दक्षिणेकडे इंग्रजीत 'त' लिहिताना टीला एच जोडतात. चुलत आजोबा मंगळूर-उडुपीकडे नोकरीला होते का, घरात विचारा.

आता मुख्य मुद्दा. आडनाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं नाही. कामत गावोगाव आहेत, आणि नाईक तर विचारूच नका, किती जातींत सापडतील. तुम्हाला मिळालाय तो थोडक्यातला दाखला असावा. तसं असेल तर संपूर्ण नोंदीची नक्कल मागा. पोर्तुगीज जन्मनोंदीत आईबापांबरोबर बहुधा दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावं असतात. ही चैन आपल्याकडच्या जन्म-मृत्यू रजिस्टरात नाही. बापाचं नाव, आजाचं नाव आणि गाव अशा तिन्ही गोष्टी जुळल्या, तर स्पेलिंग कसंही असो, माणूस तुमचाच. पहिल्या नावांनाही हाच नियम लावा. कृष्णा सीने सुरू होईल, रामचंद्राच्या 'चं'त ओ शिरलेला असेल. आडनावाआधी 'सिनाई' आलं तर दचकू नका, ते शेणई, म्हणजे सारस्वतांची जुनी उपाधी. काही याद्यांत माणसं त्याच शब्दाखाली लावलेली असतात, म्हणून एस चंही पान उलटा.

प्रतिज्ञापत्र करून आडनाव 'दुरुस्त' करायची घाई मात्र नको. हल्ली जो तो आधी वकिलाकडे धावतो. आधी साखळी जुळवा, कागद नंतर.

कुलदैवत कोणतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. तुमची मंडळी फोंड्याकडच्या एखाद्या देवस्थानची महाजन, म्हणजे तिथल्या कारभारात वंशपरंपरेने हक्क असलेली असतील, तर तिथली महाजनांची यादी बघायला मिळते का, विचारा. पोर्तुगीज सरकारच्या 1886 च्या नियमावलीपासून देवस्थानांचा हा कारभार सरकारी चौकटीत आला, त्यामुळे जुन्या याद्यांतही स्पेलिंग हेच पोर्तुगीज वळणाचं असणार. पणजोबांना सीच्या पानावर शोधा.