सराफी दुकानाच्या अलार्मला जुन्या २जी डायलरऐवजी कोणता ४जी कम्युनिकेटर लावावा, आणि सिम कोणतं घ्यावं?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. कोइमतूरला गलाईचं (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं) आणि सराफीचं दुकान आहे, गाव विट्याजवळ. यात्रेला नि दिवाळीला सगळे गावी येता तेव्हा दुकान आठ-दहा दिवस बंद राहतं. अलार्मचं पॅनल, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेली मुख्य पेटी, जुनं पण धड आहे, त्यावरचा २जी डायलर, म्हणजे अलार्म वाजला की सिमवरून फोन लावणारं यंत्र, मात्र हल्ली कधी फोन लावतो, कधी लावत नाही.

मी सांगली भागात १७ वर्षं अलार्म बसवतोय. खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांची बाहेरच्या राज्यांतली दुकानंही काही केली आहेत. म्हणून तुमची काळजी मला नेमकी कळते: फोन आला तरी तुम्ही स्वतः हजार किलोमीटरवर असणार.

कम्युनिकेटर म्हणजे अलार्मची खबर मोबाइल नेटवर्कवरून तुमच्यापर्यंत पोचवणारं यंत्र. त्याची कंपनी आणि मॉडेल शेवटी ठरवा. त्याआधी विकणाऱ्याला एवढंच विचारा: हे यंत्र बंद पडलं तर मला कोण सांगणार?

असं का म्हणतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावात मी कापडाच्या दुकानाला अलार्म बसवला होता. शटरला सेन्सर, आत हालचाल टिपणारा सेन्सर, बाहेर हूटर, सगळं होतं. चोर मागचा पत्रा उचकटून आत शिरले. हूटर वाजला, पण मालकाचा फोन वाजलाच नाही. सकाळी जाऊन पाहिलं तर पॅनलच्या नोंदीत वेळ बरोबर होती, बॅटरी भरलेली होती, डायलरचा दिवाही लुकलुकत होता. सिमचा रिचार्ज तेवढा नऊ दिवसांपूर्वी संपला होता. आणि ‘रिचार्ज संपतोय’ हे मेसेज येत होते त्या डायलरच्याच सिमवर, जिथे ते वाचायला कोणी नव्हतं. ते मला बसवतानाच सुचायला हवं होतं. त्या माणसाचं नुकसान मी अजून विसरलेलो नाही.

बिघडलेला डायलर ओरडत नाही, तो गप्प असतो. आणि सगळं ठीक असतं तेव्हाही तो गप्पच असतो. दुकानात बसून हा फरक कळत नाही, मग विट्यात बसून कसा कळेल? म्हणून असा कम्युनिकेटर घ्या जो दर काही मिनिटांनी कंपनीच्या सर्व्हरला ‘मी आहे’ असा निरोप पाठवतो, आणि निरोप चुकला की सर्व्हरच तुम्हाला कळवतो. रिचार्ज संपो, अँटेना तुटो, बॅटरी उतरो किंवा कोणी जॅमर (मोबाइलचं नेटवर्क दाबणारं यंत्र) घेऊन येवो, सगळ्याचा परिणाम एकच: निरोप थांबतो. जॅमर ओळखण्याची वेगळी सोय असली तर उत्तम, पण जॅमर चालू असताना यंत्र तुम्हाला कळवणार कसं? कळवायचं ते बाहेरूनच. नुसता फोन लावणाऱ्या साध्या डायलरमध्ये हे नसतं. फार तर रोज एक ‘टेस्ट’ मेसेज येतो, आणि तो आला नाही हे लक्षात ठेवायचं काम तुमच्यावर पडतं. यात्रेच्या गडबडीत ते राहणारच.

आता ४जीचं. खोक्यावर ‘४जी’ छापलंय म्हणजे कॉलही ४जीवरून जातो असं नाही. बऱ्याच स्वस्त यंत्रांत ४जी फक्त डेटापुरतं असतं आणि कॉल करायची वेळ आली की ते २जीवर उतरतं. एअरटेल आणि व्हीआयचं २जी अजून आहे, त्यामुळे आज ते चालूनही जातं, पण मग तुम्ही पैसे घालून पुन्हा जुन्याच खुंटीला बांधले जाल. नेटवर्क बंद होतात ही नुसती भीती नाही. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून सुरुवात करून आपलं ३जी बंद केलं. अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांचं ३जी गेलं तेव्हा असंख्य घरांच्या अलार्मचे कम्युनिकेटर बदलावे लागले. तपासायचा सोपा मार्ग म्हणजे यंत्रात जिओचं सिम घालून कॉल लावायला सांगा. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे कॉल लागला तर तो ४जीवरूनच लागला.

दोन सिमचं यंत्र घ्याच. पण दोन्ही सिम कोणती हे बघून घ्या. एअरटेल आणि व्हीआय यांच्या अँटेना बऱ्याचदा एकाच टॉवरवर असतात. त्या टॉवरची वीज गेली, डिझेल संपलं, की दोन्ही एकदम गेले. एक जिओ आणि एक एअरटेल अशी जोडी मी बहुतेक ठिकाणी लावतो. दुकानात फायबर असेल तर तो तिसरा रस्ता म्हणून जोडा, एकमेव म्हणून नको. केबल बाहेरून कापता येते आणि राउटरला बॅकअप नसेल तर वीज गेली की इंटरनेटही गेलं.

सिम तुमच्या स्वतःच्या नावावर घ्या. बसवणाऱ्याच्या नको, कामगाराच्या तर अजिबात नको. यंत्र फक्त कॉल-मेसेज करणारं असेल तर डेटाशिवायचे वर्षभराचे पॅकही आता मिळतात, ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना ते द्यायला लावले. पण मी सांगतोय तसला निरोप पाठवणारा कम्युनिकेटर डेटावर चालतो, तेव्हा डेटावाला वार्षिक पॅक लागेल. डेटा नगण्य लागतो, मुदत मात्र चुकवू नका. संपायची तारीख घरातल्या दोन माणसांच्या फोनमध्ये लावून ठेवा.

जुनं पॅनल टाकू नका. त्याला टेलिफोन लाइनचं टर्मिनल असेल तर ते बहुधा कॉन्टॅक्ट आयडी नावाच्या पद्धतीने बोलतं. प्रत्येक घटनेला एक आकडा: १३० म्हणजे घरफोडी, ३०१ म्हणजे वीज गेली, ३०२ म्हणजे पॅनलची बॅटरी उतरली. हे आकडे टोनमध्ये जातात. मोबाइलच्या कॉलवर आवाज दाबून पाठवला जातो, ती व्यवस्था माणसाच्या बोलण्यासाठी बनलेली आहे, त्यात हे टोन विस्कटतात. तुमचा डायलर मॉनिटरिंगवाल्यांना (अलार्मवर दुरून लक्ष ठेवणाऱ्या कंपनीला) ‘कधी लागतो, कधी नाही’ असं करतो त्याचं एक कारण हेही असू शकतं. म्हणून पॅनलचे टोन स्वतः ऐकून ते डेटाने पुढे पाठवणारा कम्युनिकेटर मागा. टर्मिनल नसेल तर किमान चार इनपुटवाला घ्या आणि घरफोडी, वीज आणि पॅनल उघडल्याची सूचना यांच्या तारा वेगवेगळ्या ओढून घ्या. सगळं एकाच तारेवर दिलं की वीज गेली तरी चोरीचाच फोन येतो, आणि चार वेळा तसं झालं की पाचव्या फोनला कोणी उठत नाही.

कम्युनिकेटर तिजोरीच्या खोलीत बसवू नका. लोखंड आणि काँक्रीट रेंज खातात. अँटेना बाहेर काढायची तर केबल तीन-चार मीटरच्या आत ठेवा, बारीक केबल दहा मीटर ओढली तर मिळवलेली रेंज केबलमध्येच जाते. पॅनलची १२ व्होल्टची बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर याच कामात बदलून घ्या.

फोन कोणाला जावा हे यंत्राइतकंच महत्त्वाचं आहे. पहिला नंबर कोइमतूरमधल्या अशा माणसाचा, जो दहा मिनिटांत दुकानापाशी पोचेल. तुमचा दुसरा. ११२ आपोआप लागेल असं ठेवू नका, आधी कोणीतरी बघावं आणि मग माणसाने बोलावं. आणि यंत्राचे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये नाव घालून, रात्री फोन सायलेंट असला तरी वाजतील असे लावून ठेवा. अनोळखी नंबर म्हणून कापलेले कॉल मी पाहिले आहेत.

पैसे देण्याआधी दुकानातच एक चाचणी करा. दुकान वाढवताना अलार्म लावा, दोन्ही सिम काढून घ्या, फायबर जोडलं असेल तर तेही काढा, आणि घड्याळ बघत बसा. किती मिनिटांनी तुमच्या फोनवर ‘संपर्क तुटला’ असं येतं? सराफी दुकानाला मी पाच मिनिटांपेक्षा जास्त मान्य करत नाही. आलंच नाही तर ते यंत्र परत द्या.

पॅनलचं झाकण उघडून आतल्या टर्मिनलचा फोटो टाका, आणि जुना डायलर रेंजचा आकडा दाखवत असेल तर तोही कळवा. तो ० ते ३१ मध्ये असतो. १० च्या खाली असेल तर आधी अँटेनाचं बघू, मग यंत्राचं.