भूलतज्ज्ञ बाईंची बेकरी

‘इतकी वर्षं शिकून डॉक्टर झालो, आता वाट बदलली तर सगळं पाण्यात जाईल ना?’ असं विचारणारे डॉक्टर माझ्याकडे अधूनमधून येतात. मी आधी एवढंच विचारते, कंटाळा डॉक्टरकीचा आलाय की ती ज्या पद्धतीने चाललीय तिचा?

चाळिशीतल्या एक भूलतज्ज्ञ बाई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). चार हॉस्पिटलांचे कॉल. सकाळी सिझर, दुपारी हर्निया, रात्री अपघाताची केस. पैसा बरा. ‘पण पेशंटशी ओळख होते तोवर तो झोपतो, आणि जागा होतो तेव्हा मी दुसऱ्याच ऑपरेशन थिएटरमध्ये असते!’ त्यांना बेकरी काढायची होती. वडील भडकले होते, ‘साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप, तीन वर्षं एमडी, आणि आता पाव भाजणार?’

दमलेला माणूस सगळंच सोडायच्या गोष्टी करतो, त्यामुळे बेकरीवर मी वाद घातला नाही. आज कुठल्या कामात वेळेचं भान राहिलं नाही, तेवढं रोज रात्री वहीत लिहायला सांगितलं.

वहीत पावाचा उल्लेख नव्हता. पाठीतल्या इंजेक्शनला घाबरलेल्या आजोबांशी मारलेल्या गप्पा होत्या. कॅन्सरच्या एका आजींच्या वेदना उतरल्यावर त्यांनी ‘चहा मिळेल का गं?’ म्हणून विचारलं, ते होतं.

तिथून पॅलिएटिव्ह केअरचा विषय निघाला. गंभीर आजारातल्या वेदना, धाप, भीती सांभाळणारी ही शाखा. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल मूळचे भूलतज्ज्ञच. कोझिकोडमध्ये १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह हे काम सुरू केलं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये या विषयात एमडी करता येतं. बाईंना मात्र पुन्हा एमडीला बसायची गरज नव्हती. वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनचे डोस, नसा बधिर करणारे ब्लॉक हातातलेच होते. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स सुरुवातीला पुरेसा होता.

नवऱ्याला मात्र आकडे हवे होते. रास्तच होतं, घराचे हप्ते थांबत नाहीत. तिघांनी बसून हिशेब मांडला आणि सगळ्यात लांबच्या हॉस्पिटलचे कॉल तेवढे सोडायचे ठरले. मोकळ्या झालेल्या वेळात त्या आता पेशंटच्या घरी जाणाऱ्या टीमबरोबर जातात. मिळकत घटलीय, एक सर्जन रुसलेत, आणि कधीकधी घरी येऊन त्या रडतात, हेही त्यांनी सांगितलं. आणखी एका हॉस्पिटलचे कॉल सोडायचे का, ते मुलीची फी भरून झाल्यावर, जूननंतर ठरवणार आहेत.