अमेरिकेतल्या ऑगस्टा क्लबवर, जिथे मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा होते, पाऊस थांबला की लगेच खेळ सुरू, मग मुंबईतले गोल्फ कोर्स पावसाळ्यात दिवसेंदिवस का तुंबतात? सबएअर, म्हणजे जमिनीखालून हवा ओढून पाणी काढणारं मशीन, बसवलं तर इथे जुलैत स्पर्धा होईल का?

जुलैत नाही होणार, कितीही मशीन लावा. पण ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाच्या एखाद्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली स्पर्धा खेळवता येईल का, तर हो, नक्की येईल, आणि त्यासाठी सबएअर ही सगळ्यात शेवटची खरेदी असायला हवी. मी मैदानांच्या निचऱ्याचं काम करतो, जास्त करून क्रिकेट आणि फुटबॉलची मैदानं, गोल्फचंही काही काम केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो कारण या मशीनबद्दल लोकांच्या मनात फार गैरसमज आहेत.

आधी ग्रीनखाली, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताखाली, काय असतं ते बघा. अमेरिकेतल्या यूएसजीए या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये ग्रीन बांधायची एक पद्धत ठरवून दिली आणि आजही जगभर चांगली ग्रीन्स बरीचशी त्याच पद्धतीने बांधतात. सगळ्यात खाली छिद्रं असलेले चार इंची पाइप, त्यावर साधारण चार इंच खडी, आणि त्यावर बारा इंच वाळूचं मिश्रण, बस. आता कोणालाही वाटेल की वाळूखाली खडी म्हणजे पाणी सटासट खाली जाणार, पण तसं होत नाही! वाळूतली बारीक भोकं पाणी धरून ठेवतात आणि वरची वाळू जवळजवळ गच्च भिजेपर्यंत ते खडीत उतरतच नाही. भांडी घासायचा ओला स्पंज आडवा धरला तर खालच्या कडेला पाणी अडकून राहतं ना, तसंच. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण कोरड्या दिवसांत गवताच्या मुळांना तेच पाणी पुरतं, आणि मोठा पाऊस आला की जास्तीचं पाणी खाली निघून जातं.

पण स्पर्धेच्या दिवशी तेच अडकलेलं पाणी नडतं. पाऊस थांबला, वर डबकं नाही, दिसायला ग्रीन छान, तरी आतून ते मऊच असतं. आणि मऊ ग्रीन म्हणजे वेगळाच खेळ होतो. दीडशे-पावणेदोनशे यार्डांवरून मारलेला बॉल पडला तिथेच रुततो, घरंगळत मागे जात नाही, मग खेळाडू थेट झेंड्यावर मारायला घाबरत नाहीत आणि स्कोअर धडाधड खाली येतात. २०११ ची यूएस ओपन आठवा, काँग्रेशनलला कोर्स मऊ होता आणि रोरी मॅकिलरॉयने १६ अंडर (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा १६ कमी), २६८ चा विक्रम केला. २०२० ची मास्टर्स कोविडमुळे नोव्हेंबरमध्ये झाली, पहिल्याच दिवशी सकाळी पावसाने खेळ थांबला, आठवडाभर ग्रीन्स मऊ राहिली आणि डस्टिन जॉन्सन २० अंडरवर जिंकला. दोघंही त्या आठवड्यात अफाट खेळले यात शंका नाही, पण कोर्सने त्यांना जे विचारलं ते कोरड्या कोर्सने विचारलं नसतं.

सबएअर इथे कामाला येतं. ऑगस्टाचेच मार्श बेन्सन यांनी १९९० च्या दशकात ते काढलं. ग्रीनखाली पाइपांचं जाळं आधीच असतं, त्याला एक मोठा ब्लोअर जोडायचा, तो उलटा चालवला की खालून हवा ओढली जाते आणि वाळूत अडकलेलं, नुसत्या गुरुत्वाकर्षणाने कधीच न उतरणारं पाणीसुद्धा खाली खेचलं जातं. सुलटा चालवला की मुळांना हवा मिळते. म्हणजे खरं बघितलं तर हे ग्रीन परत कडक करायचं मशीन आहे, साचलेलं डबकं काढायचं काम त्याच्याकडे दुय्यम. आपल्याकडे बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर २०१७ मध्ये हेच बसवलं, आणि पाऊस थांबल्यावर तिथे मॅच किती लवकर सुरू होते ते क्रिकेट बघणाऱ्यांना माहीत आहे.

आता त्याची मर्यादा. मशीन वाळूतून पाणी ओढतं, पण पाणी आधी वाळूत शिरायला तर हवं! यूएसजीएच्या हिशोबाने नवं मिश्रण तासाला किमान १५० मिमी पाणी सोडतं, म्हणजे कागदावर आपली मुंबईची भलीमोठी सरसुद्धा ते पचवेल. पण वर्षं जातात तसा गवताच्या मेलेल्या मुळा-काड्यांचा एक चिवट थर वर जमतो आणि तो पाणी अडवतो, वेग फार कमी होतो. म्हणून वर्षातून ठरावीक वेळा ग्रीनला भोकं पाडायची, मातीचे छोटे दंडगोल बाहेर काढायचे, वर वाळू पसरायची, हे काम चुकवून चालत नाही. मेंबर लोक नेमके याच कामावर वैतागतात कारण आठ-दहा दिवस पुटिंग, म्हणजे ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवणं, खडबडीत होतं, आणि कमिटीवर दबाव आला की ते पुढे ढकललं जातं. माझं स्पष्ट मत आहे की भोकं पाडायचं काम नियमित करणारा साधा क्लब, ते टाळून महागडं मशीन लावणाऱ्या क्लबपेक्षा पावसात बरा खेळवेल. आणि सबएअर असूनही २०२३ च्या मास्टर्समध्ये शनिवारी ग्रीन्सवर पाणी साचून तिसरी फेरी अर्ध्यावर थांबवावी लागली होती, ती रविवारी सकाळी पूर्ण केली आणि संध्याकाळी जॉन रॅम जिंकला. पाऊस चालू असताना कोणतंच मशीन जिंकत नाही, त्याचं काम पाऊस थांबल्यावर सुरू होतं.

दुसरी गोष्ट वाळूची. आपल्याकडे नदीची वाळू मिळणं अवघड झालंय, त्यामुळे दगड फोडून केलेली क्रश सँड येते आणि तिच्यात डस्ट, म्हणजे दगडाची बारीक पूड, असते. यूएसजीएचा नियम आहे की अगदी बारीक वाळू, गाळ आणि चिकणमाती मिळून १० टक्क्यांच्या वर नको. बांधकामाची न धुतलेली वाळू ग्रीनमध्ये टाकली की ती डस्ट खाली सरकून थर धरते आणि सगळा खर्च पाण्यात. प्रत्येक ट्रकचा नमुना चाळून बघा, नुसत्या सप्लायरच्या शब्दावर घेऊ नका.

पण मुंबईत खरी लढाई ग्रीनवर नाहीच, ती फेअरवेवर, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, आहे. साधा हिशोब करा, एक मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. एक ग्रीन ५०० चौरस मीटर धरलं तर अठरा ग्रीन्स मिळून ९,००० चौरस मीटर, ५० मिमी पावसाचं पाणी झालं साडेचार लाख लिटर. फेअरवे मात्र दहा हेक्टर धरले तर तेच ५० मिमी म्हणजे ५० लाख लिटर. एवढ्या सगळ्या जागेखाली बारा इंच वाळू आणि पाइप घालणं जवळजवळ कोणालाच परवडत नाही, तिथे आपली मूळ जमीनच असते, कुठे भराव, कुठे खाडीकाठची चिकणमाती, आणि चिकणमातीतून पाणी तासाला काही मिलिमीटरच झिरपतं. म्हणून फेअरवेला जमिनीचा उतार, ठरावीक अंतरावर खडीने भरलेले चर आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी वाळू पसरणं हाच उपाय. डोंगराच्या पायथ्याशी कोर्स असेल, खारघरसारखा, तर वरून येणारं पाणी कोर्सवर शिरायच्या आधीच वळवणारा कॅच वॉटर ड्रेन पाहिजे, नाहीतर आपण कोर्सचा नाही तर अख्ख्या डोंगराचा निचरा करत बसतो.

आणि मग शेवटचा प्रश्न, जो मुंबईबाहेरच्या पुस्तकात एवढ्या जोरात येत नाही. पाइपातलं पाणी जाणार कुठे? शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेली, ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती ५० मिमीपर्यंत न्यायचं ठरलं. त्यात भरती असली की समुद्राचं पाणी वर आणि नाल्याचं तोंड खाली, मग पाणी बाहेर जातच नाही. तुमच्या ग्रीनखालचा पाइप ज्या नाल्यात सुटतो तो नाला तुडुंब असेल तर पाणी उलटं आत येईल, ब्लोअर कितीही ओढो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला तेव्हाचं सोडा, तो वेगळाच दिवस होता, पण साध्या १०० मिमीच्या दिवशी भरतीची वेळ जुळली तरी हेच होतं. दादर-परळच्या हिंदमाता भागात पालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्या त्या याचसाठी, पाणी काही तास धरून ठेवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं. गोल्फ कोर्सकडे तर अशी टाकी आधीपासूनच आहे, त्यांची तळी! पाऊस यायच्या आधी तळ्याची पातळी पंप लावून दोन-तीन फूट उतरवून ठेवली तर तेच तळं लाखो लिटर पोटात घेतं. एवढी सोपी गोष्ट, पण भरलेलं तळं फोटोत छान दिसतं म्हणून कोणी उतरवत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

ऑगस्टाशी तुलना करताना हेही बघा की तिथे अख्ख्या वर्षात साधारण १,१०० मिमी पाऊस पडतो आणि आपल्या सांताक्रूझला एकट्या जुलैची सरासरी ८०० मिमीच्या वर आहे. वर ढग, ऊन नाही, गवत सुकत नाही, गवत कापायचं मशीन चालवलं की चाकोऱ्या पडतात म्हणून कापता येत नाही, आणि न कापलेलं, रोलर न फिरवलेल्या ग्रीनवर बॉल मंदच घरंगळणार. हे चार महिने जगातल्या कुठल्याही तंत्राने एप्रिलसारखे होत नाहीत.

स्पर्धा घेणाऱ्यांच्या बाजूनेही सांगतो. पावसात सगळ्यात मोठा प्रश्न न्यायाचा असतो. पहिले दोन दिवस अर्धे खेळाडू सकाळी, अर्धे दुपारी खेळतात, मध्ये सर आली की दोघांना दोन वेगळे कोर्स मिळतात. चांगला निचरा ही दरी कमी करतो, आणि माझ्या मते त्याचा खरा उपयोग हाच आहे, खेळ किती मिनिटांत सुरू झाला हा नाही. उरलेलं काम नियम करतात. पायाखाली पाणी दिसत असेल तर ते तात्पुरतं पाणी धरून फुकट रिलीफ मिळतो, म्हणजे बॉल दंडाशिवाय हलवता येतो, बंकरमध्येही (वाळूच्या खड्ड्यातही) मिळतो पण बंकरच्या आतच, बाहेर यायचं तर एका फटक्याची पेनल्टी. होलच्या भोवती पाणी साचलं की थांबायचंच. फेअरवेवर फारच चिखल असेल तर कमिटी बॉल उचलून, पुसून ठेवायची परवानगी देते. मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या चार स्पर्धा, हे टाळतात, तरी २०१६ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये बाल्टसरॉलला शेवटच्या फेरीत द्यावीच लागली, कारण बॉलला एका बाजूला चिखल लागला की तो कुठे वळेल याचा नेम नसतो आणि मग कौशल्याऐवजी नशीब मोजलं जातं.

तर तुमच्या क्लबची कमिटी विचारत असेल तर माझा क्रम असा. आधी पाण्याची बाहेर जायची वाट आणि भरतीला बंद होणारी झडप, मग तळ्याचा पंप, मग फेअरवेचे सखल भाग आणि तिथले चर, मग ग्रीनला भोकं पाडायचं वेळापत्रक जे कोणाच्याही तक्रारीने बदलायचं नाही. ग्रीनला सावली करणाऱ्या फांद्याही छाटा, पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी घेऊनच. हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर सबएअर घ्या, तेही आधी फिरतं युनिट घेऊन सगळ्यात वाईट दोन-तीन ग्रीन्सवर वापरून बघा, पण ग्रीन वाळू-खडीचं बांधलेलं असेल तरच. जुन्या मातीच्या ग्रीनखाली हवा ओढून काही होत नाही. आणि स्पर्धेची तारीख नोव्हेंबरच्या मध्यानंतरची ठेवा, ऑक्टोबरमध्येच घ्यायची असेल तर एक दिवस राखीव ठेवा आणि टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळा, सकाळी लवकरच्या द्या, परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतर गडगडाटासह येतो आणि विजा दिसल्या की भोंगा वाजवून सगळ्यांना तिथल्या तिथे खेळ सोडून आत यावंच लागतं, ग्रीन कितीही कोरडं असो.