रस्त्याच्या कामामुळे घराला तडे गेले आहेत. भरपाई ठेकेदाराकडे मागावी की नगरपरिषदेकडे?

आपण विचारले आहे की, नगरपरिषदेच्या हद्दीतील आपल्या जुन्या घरासमोर काँक्रीटचा रस्ता आणि गटार यांचे काम चालू असताना जेसीबीने जोत्याला अगदी लागून खोदाई केली, पुढे खडीच्या थरावर व्हायब्रेटर रोलर फिरल्यावर रस्त्याकडील भिंतीला तडे गेले आणि आता रस्ताच उंबरठ्याच्या बरोबरीला आल्याने पावसाचे पाणी आत येण्याची भीती आहे. ठेकेदार नगरपरिषदेकडे बोट दाखवतो आणि नगरपरिषद ठेकेदाराकडे, तर भरपाई मागायची कोणाकडे? मी सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेला अभियंता आहे, वकील नाही. म्हणून कायद्याच्या मुद्द्यांवर स्थानिक वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. मात्र अशा अर्जांचे कार्यालयात पुढे काय होते, हे मी टेबलाच्या पलीकडून बराच काळ पाहिले आहे, आणि उत्तर त्याच बाजूने देत आहे.

मागणी दोघांकडेही, एकाच अर्जाने, लेखी करावी. पण तिचे खरे बळ एका गोष्टीत असते: ठेकेदाराचे अंतिम देयक निघण्यापूर्वी आपला अर्ज त्या कामाच्या फाइलमध्ये लागलेला असला पाहिजे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ नमुन्याच्या निविदेत असे कलम असते की, ठेकेदाराच्या माणसांकडून हेतुपुरस्सर किंवा नकळत, सरकारी हद्दीच्या आत किंवा बाहेर, जे नुकसान होईल त्याची रक्कम प्रभारी अभियंत्याने ठरवावी आणि ठेकेदाराने ती भरली नाही तर त्याच्या देय रकमेतून कापून घ्यावी. अनेक नगरपरिषदांच्या निविदाही याच धर्तीच्या असतात. म्हणजे अभियंत्याच्या हातात अधिकार आहे आणि ठेकेदाराचा पैसाही त्याच्याच कार्यालयात अडकलेला आहे. देयक एकदा अदा झाले की उरते ती सुरक्षा अनामत, आणि दोष दायित्व कालावधी (कामातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) संपला की तीही परत जाते. त्यानंतर येणाऱ्या अर्जाला ‘ठेकेदारास कळविण्यात आले आहे’ या एका ओळीपलीकडे उत्तर मिळणे कठीण असते.

त्याआधी काम नेमके कोणाचे आहे हे पाहावे. गावातला रस्ता म्हणजे नगरपरिषदेचाच असे धरून चालू नये; तो बांधकाम विभागाचा राज्यमार्ग असू शकतो, आणि खोदाई जीवन प्राधिकरणाच्या जलवाहिनीसाठी झालेली असू शकते. कामाच्या जागी फलक असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. फलक नसेल (बहुतेक ठिकाणी तो उद्घाटनापुरताच असतो) तर माहिती अधिकाराखाली अर्ज करावा. दहा रुपयांच्या शुल्कात आणि तीस दिवसांच्या मुदतीत कार्यारंभ आदेश, करारनामा, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, रस्त्याचा लांबीछेद (म्हणजे लांबीभर रस्त्याची मंजूर पातळी) दाखवणारा नकाशा, आतापर्यंत अदा झालेल्या देयकांचा तपशील आणि ठेकेदाराच्या विमा पॉलिसीची प्रत मागता येते. पॉलिसीची प्रत मागायला विसरू नये. शासकीय कामांवर ठेकेदाराला सर्व जोखमींची विमा पॉलिसी घ्यावी लागते आणि त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीसाठी तिच्यात स्वतंत्र भाग असतो. मात्र कंपनाने किंवा जमिनीचा आधार काढून घेतल्याने शेजारच्या इमारतीला झालेले नुकसान अशा पॉलिसीतून सहसा वगळलेले असते. ते हवे असल्यास जादा हप्ता भरून जोडून घ्यावे लागते. ‘विमा कंपनी देईल, थांबा’ असे ठेकेदार सांगू लागला तर हे जोडपत्र आहे का ते आधी पाहावे, नाहीतर त्या आशेवर महिने जातात.

आणि महिनेच आपल्याकडे कमी आहेत. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ३०४ नुसार नगरपरिषदेवर दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि दावा नुकसानीचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. महानगरपालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमातील कलम ४८७ आणि मुंबईसाठी १८८८ च्या अधिनियमातील कलम ५२७ अशाच स्वरूपाचे आहे. काम राज्य शासनाच्या विभागाचे निघाले तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. अर्ज, स्मरणपत्र, लोकशाही दिन, आपले सरकार पोर्टल हे सर्व मार्ग वापरावेत, पण त्यांपैकी एकानेही ही मुदत थांबत नाही. कार्यालयाकडून ‘आपले प्रकरण तपासणीवर आहे’ अशी सौम्य पत्रे येत राहतात आणि तेवढ्यात सहा महिने उलटतात. हे मुद्दाम होते असे मी म्हणणार नाही, पण अर्जदाराच्या दृष्टीने परिणाम तोच. म्हणून तिसरा महिना संपण्यापूर्वी वकिलामार्फत कलम ३०४ ची नोटीस मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावी, पोच घ्यावी आणि तीच नोटीस ठेकेदारालाही पाठवावी. नोटिशीत नाव, राहण्याचा पत्ता, नुकसानीचे कारण आणि मागितलेली रक्कम या चारही गोष्टी स्पष्ट असाव्यात.

आता पुराव्याकडे वळू, कारण दावे बहुधा इथेच कोसळतात. आपले घर काळ्या मातीवर असेल तर समोरचा अभियंता पहिले वाक्य हेच म्हणेल की, ही माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि तडे त्यामुळेच गेले आहेत. हे वाक्य सर्वस्वी खोटे नसते, म्हणून त्याचे उत्तर तयार ठेवावे लागते. तडे फक्त रस्त्याकडील भिंतीला आहेत की मागच्या भिंतीलाही, हे घराच्या साध्या आराखड्यावर रेखून दाखवावे. ताज्या तड्याच्या कडा धारदार असतात आणि आतला भाग स्वच्छ दिसतो. जुन्या तड्यात धूळ, जाळी आणि मागच्या रंगाचे ओघळ सापडतात. मोजपट्टी तड्याला लावून, दिवसाच्या उजेडात, जवळून आणि दुरून अशी छायाचित्रे काढावीत. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. पट्टी फुटली तर भिंत अजून हलते आहे हे कोणालाही दिसते, आणि ती शाबूत राहिली तर दुरुस्ती आता करता येईल हे आपल्यालाही कळते.

रस्त्याची आधीची पातळी दाखवणे त्याहून कठीण असते, पण येथे घरातले जुने अल्बम उपयोगी पडतात. दारासमोरून गेलेली वरात किंवा गणपतीची मिरवणूक यांच्या छायाचित्रात जोत्याच्या किती पायऱ्या रस्त्याच्या वर होत्या हे मोजता येते. त्याशेजारी लांबीछेदाचा नकाशा ठेवला की प्रश्न सरळ होतो: मंजूर पातळी आणि प्रत्यक्ष पातळी यांत फरक आहे का? फरक असेल तर तो ठेकेदाराचा दोष ठरतो. मंजूर पातळीच चुकीची असेल तर तो आराखडा करणाऱ्याचा. रस्ता उंच झाल्याबद्दल रोख रकमेपेक्षा उताराची दुरुस्ती आणि वाहते गटार मागावे असे माझे मत आहे, कारण मिळालेली रक्कम पहिल्या मोठ्या पावसात संपते आणि पाणी मात्र दरवर्षी येते.

स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्यावाच. त्यात नुकसानीचे कारण, दुरुस्तीची पद्धत आणि खर्चाचे अंदाजपत्रक असावे, आणि अंदाजपत्रक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे केलेले असावे. खासगी मिस्त्रीने कागदावर लिहून दिलेली एकरकमी रक्कम अभियंता सहज नाकारतो. स्वतःच्याच दरसूचीतला दर नाकारणे त्याला जड जाते. अहवालाची प्रत जोडून संयुक्त पाहणीची मागणी करावी आणि पंचनाम्यावर ठेकेदाराच्या प्रतिनिधीचीही सही घ्यावी. तो सही नाकारत असेल तर तसा उल्लेख पंचनाम्यात करून घ्यावा.

एक अडचण आपण प्रश्नात लिहिलेली नाही, पण ती जवळजवळ प्रत्येक जुन्या घराला असते. ओटा, पायऱ्या किंवा कुंपणाची भिंत मालमत्ता पत्रकावरील हद्दीच्या बाहेर असेल तर तेवढ्या भागाची भरपाई मागू नये. तेथेच अतिक्रमणाचा मुद्दा निघतो आणि संपूर्ण अर्ज संशयास्पद होतो. भूमी अभिलेख कार्यालयाकडील मोजणीची ‘क’ प्रत काढून हद्द आधी पक्की करावी. घराचे वय मात्र आपल्या बाजूने आहे. जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये मान्य आहे, पण तो मोकळ्या जमिनीपुरता. तिच्यावरील बांधकामासाठी असा आधार सलग वीस वर्षे, आणि शेजारची मालमत्ता शासनाची असल्यास तीस वर्षे, निर्वेधपणे घेतलेला असावा लागतो. जुन्या घरपट्टीच्या पावत्या म्हणूनच जपून ठेवाव्यात आणि हा मुद्दा वकिलाच्या नजरेस आणून द्यावा.

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशाचा आधार घेता येईल का, असेही आपण शेवटी विचारले आहे. तो आदेश खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे झालेल्या मृत्यू व दुखापतींविषयी आहे. मृत्यूसाठी सहा लाख आणि दुखापतीसाठी पन्नास हजार ते अडीच लाख रुपये अशी भरपाई त्यात ठरवलेली आहे. घराच्या भिंतींना तो थेट लागू होत नाही. या खोदाईत घरातील कोणी पडून जखमी झाले असेल तर मात्र वैद्यकीय कागदपत्रे जोडून वेगळा अर्ज करावा आणि त्यासाठी वकिलाशी स्वतंत्र बोलावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी साहाय्य मिळते. घर आईच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल तर नोटिशीचे कामही तेथूनच करून घेता येईल.

ठेकेदार बहुधा मध्येच तडजोडीचा प्रस्ताव आणेल. त्याच्याकडे गवंडी, सिमेंट आणि खडी जागेवरच असल्याने रोख देण्यापेक्षा दुरुस्ती करून देणे त्याला सोपे जाते, आणि काम नीट होणार असेल तर ते स्वीकारण्यात गैर काही नाही. अट एवढीच की, दुरुस्ती आपल्या इंजिनिअरच्या अहवालाप्रमाणे आणि नगरपरिषदेच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली व्हावी, तसा लेखी करार व्हावा आणि ‘यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही’ या मजकुराच्या कागदावर एक पूर्ण पावसाळा पार पडेपर्यंत सही करू नये. तो कागद ठेकेदाराला अंतिम देयकासाठी हवा असतो, आणि आपली सही बाकी असेपर्यंतच ठेकेदार आपल्या दारी येत राहील. सहा महिन्यांची मुदत पावसाळ्याच्या आधीच संपत असेल, तर तडजोडीची बोलणी चालू ठेवूनही दावा दाखल करावा.