घरी रायफलची काडतुसं भरताना क्रिम्प करावं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. टेक्सासात बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागे-पुढे करायची) .३०-०६ रायफलीसाठी तुम्ही घरीच काडतुसं भरता. एक मित्र म्हणतो क्रिम्प केल्याशिवाय, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीभोवती चिमटल्याशिवाय, राउंड (भरलेलं काडतूस) मॅगझिनमध्ये घालू नकोस, दुसरा म्हणतो त्याने ग्रुप बिघडतो, गोळ्या एका जागी पडत नाहीत. आणि गंगाखेडच्या काकांकडे परवान्याची ३१५ बोअर रायफल आहे, तर त्यांना हेच शिकवता येईल का? पहिल्याचं उत्तर: तुमच्या रायफलीला गरज नाही. दुसऱ्याचं: अजिबात नको. ते शेवटी सांगतो.

मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, घर हिंगोलीकडे. फौजेत कुणी काडतुसं भरत बसत नाही, फॅक्टरीतून आलेली वापरायची. भरण्याचं काम मी पाहिलं ते जावयांच्या गॅरेजात, ओहायोला. हातात पाना-पकड घेतलेल्या माणसाला गप्प बसवत नाही, म्हणून तिथे बराच वेळ प्रेसवर घालवला.

आधी एक गोष्ट पक्की करा. गोळीला धरून ठेवते ती पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीची, मान. सायझिंग डायमधून (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्यातून) पुंगळी निघाली की मानेचं तोंड गोळीपेक्षा दोन-तीन हजारांश इंच लहान होतं. ०.३०८ इंचाची गोळी त्यात दाबून बसवली की पितळ तिला चहूबाजूंनी आवळतं. ही पकड नीट असेल तर बोल्ट ॲक्शनला तेवढं पुरतं. पकडच ढिली असेल तर वरून क्रिम्प मारून काही साधत नाही. उलट फार दाबलंत तर आतलं शिसं दबून तसंच राहतं आणि पितळ थोडं मागे फुलतं, म्हणजे होती ती पकडही सैल. गोळी अंगठ्याने हलत असेल तर क्रिम्प डायकडे धावू नका, सायझिंग डाय आणि तिच्यातला मानेचं तोंड मापात रुंदावणारा एक्सपांडर तपासा.

तुमच्या पहिल्या मित्राची भीती मात्र खोटी नाही. रायफल मागे धक्का मारते तेव्हा मॅगझिनमधली काडतुसं पुढच्या भिंतीवर आपटतात. गोळी आत सरकली तर आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. पण हे तुमच्या रायफलीत होतं की नाही, ते वाद घालून कळणार नाही. एका राउंडची लांबी व्हर्निअरने मोजा, त्यावर स्केचपेनने खूण करा आणि तो मॅगझिनच्या तळाला ठेवा. वरचे झाडा, हा काढून परत मोजा. पुन्हा तळाला ठेवून आणखी एक फेरी करा. जावयांच्या .३०-०६ मध्ये काटा जागचा हलला नव्हता, गोळीचं टोक तेवढं भिंतीला घासून चमकत होतं. तुमचा आकडाही तसाच राहिला तर प्रश्न मिटला.

क्रिम्प लागतं ते कुठे? .३०-३० लिव्हर ॲक्शनमध्ये (खालचा दांडा ओढून भरायच्या रायफलीत), जिथे काडतुसं नळीत एकामागे एक उभी असतात आणि स्प्रिंग त्यांना सतत ढकलत असते. .३७५ किंवा .४५८ मॅग्नमसारख्या दांडग्या धक्क्याच्या रायफलीत. मशीनगनमध्ये पट्टा हिसके देत ओढला जातो, म्हणून लष्करी ७.६२ ला ते फॅक्टरीतच केलेलं असतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये राउंड जोरात चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) आपटतो, तिथे हलकं क्रिम्प करणारे पुष्कळ आहेत, पण मानेची पकड चांगली असेल तर तेही सक्तीचं नाही.

तरी करायचंच असेल तर गोळीवर गोल खाच हवी. गुळगुळीत गोळीवर रोल क्रिम्प (तोंडाची कड आत वळवणं) म्हणजे तिच्या तांब्याच्या कवचाला उगाच इजा. पुंगळ्या एका लांबीच्या कापून घ्या. .३०-०६ ची कमाल लांबी २.४९४ इंच, कापायची २.४८४ वर. एक लांब, एक आखूड असेल तर एकीला कडक चिमटा बसतो, दुसरीला नुसता स्पर्श, आणि ग्रुप बिघडतो तो इथेच. तुमचा दुसरा मित्र बहुधा हेच भोगून आलेला असणार.

गोळी बसवणं आणि क्रिम्प एकाच फटक्यात करू नका. गोळी खाली जात असतानाच तोंड चावायला लागलं तर जोर पुंगळीच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर येतो आणि खांदा फुगतो. तो फुगवटा डोळ्याला दिसत नाही, बोल्ट बंद होईना की समजतं, तेही ऐन शिकारीत. वेगळी डाय वापरा. ली कंपनीची फॅक्टरी क्रिम्प डाय बाजूंनी कोलेटने (फाकांच्या कड्याने) आवळते, त्यामुळे लांबीतला फरक तिला जरा जास्त चालतो. आणि क्रिम्प बदललं की दाबही बदलू शकतो, म्हणून मॅन्युअलमधल्या दारूच्या सुरुवातीच्या भारापासून पुन्हा चढत जा.

आता काका. रानडुकरं आणि रोही पिकाची काय दैना करतात ते मला सांगायला नको, आमच्या तुरीतही तेच चालू आहे. पण टेक्सासात जो छंद आहे तो इथे गुन्हा आहे. १९५९ च्या हत्यार कायद्याचं कलम ५ काडतुसं बनवायलाही वेगळा परवाना मागतं, बंदूक बाळगायच्या परवान्यात ते येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. काकांनी परवानाधारक दुकानातून घ्यावीत, परवान्यावर नोंद करून घ्यावी, महाग पडली तरी.

आणि सुट्टीला येताना बॅगेत डाय, प्रेस, अगदी रिकाम्या पुंगळ्याही आणू नका. या कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात. विमानतळावरच्या स्कॅनरला पुंगळी दिसली की काकांना भेटायच्या आधी पोलीस ठाणं दिसेल.