मुलाला गावातच पत्रकार व्हायचंय, आणि आईला वारिशे आठवतात

राजापूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र घेतलंय, वर्षभर एका न्यूज पोर्टलला फुकट बातम्या देतोय आणि आता म्हणतो की पदवी झाली की मुंबईला वगैरे जायचं नाही, इथेच राहून पत्रकारिता करायची. ताईंचं म्हणणं, एमपीएससी कर नाहीतर बँकेची परीक्षा दे. भांडण झालं की तो म्हणतो बाळशास्त्री जांभेकर आपल्या कोकणातलेच होते, आणि ताई म्हणतात मारले गेलेले पत्रकार शशिकांत वारिशे पण आपल्या तालुक्यातलेच होते. पुढे त्यांनी लिहिलंय, "त्याला तुम्हीच समजवा, माझं ऐकत नाही."

ताई, आधी स्पष्ट सांगतो, मी त्याला "हे करू नको" असं समजावणार नाही. पण तुमची भीती काढून टाका असंही म्हणणार नाही कारण ती भीती खरी आहे, तुम्ही ती टीव्हीवर बघून धरलेली नाही, ती तुमच्या रस्त्यावर घडलेली गोष्ट आहे.

लांब राहणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. शशिकांत वारिशे 'महानगरी टाइम्स'साठी राजापूरहून लिहायचे. तालुक्यातच बारसूला होऊ घातलेल्या तेल रिफायनरीला गावांचा विरोध होता, जमिनींचे व्यवहार चालू होते, आणि त्यावर ते सतत लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळच्या अंकात त्यांची बातमी आली, रिफायनरीच्या बाजूने असलेल्या आणि जमिनीच्या व्यवहारात असलेल्या एका माणसाबद्दल, आणि त्याच दिवशी हायवेवर पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला हॉस्पिटलमध्ये ते गेले. ज्याच्याबद्दल बातमी होती त्यालाच अटक झाली, पत्रकारांनी आणि गावकऱ्यांनी आवाज उठवल्यावर खुनाचं कलम लागलं, तपासाला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमलं. घरात कमावणारे तेच होते.

आता यात करिअरच्या दृष्टीने बघायची गोष्ट कोणती, तर अंतर. मुंबईतला पत्रकार ज्याच्याबद्दल लिहितो तो माणूस त्याला एरवी कधी भेटत नाही. तालुक्याच्या पत्रकाराचं तसं नाही, ज्याच्याबद्दल लिहिलं तो संध्याकाळी त्याच चहाच्या टपरीवर असतो, त्याला तुमचं घर माहीत असतं, गाडीचा नंबर पण माहीत असतो, मुलगा कुठल्या कॉलेजला आहे तेही माहीत असतं. आणि खरं सांगायचं तर तालुक्याच्या पत्रकाराची किंमत पण याच जवळिकीत आहे. बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोणाच्या नावावर किती जमीन कधी चढली हे मुंबईत बसून कोणाला कळणार होतं? वारिशेंना कळत होतं कारण ते तिथे राहत होते. म्हणजे जी गोष्ट धोक्याची तीच कामाची, त्यामुळे "गावातच रहा पण तसलं काही लिहू नको" हा जो मधला मार्ग आपण आईवडील काढतो ना, तो चालत नाही. मग उरतं काय, तर वाढदिवसाच्या जाहिराती आणि उद्घाटनाचे फोटो, आणि त्यापेक्षा बँकेची परीक्षा केव्हाही बरी.

मुलाला पण एक सांगायचंय. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे हे बरोबर, पण त्यांचं 'दर्पण' हे वृत्तपत्र १८३२ ला निघालं ते मुंबईत. तुला गावात राहून काम करायचं असेल तर तुझ्या जास्त जवळचा माणूस म्हणजे मुकुंदराव पाटील. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं नेवासा तालुक्यातलं तरवडी हे खेडं, तिथून त्यांनी सत्यशोधक विचारांचा 'दीनमित्र' हा पेपर चालवला, १९१० ला सुरू केला आणि १९६७ ला ते जाईपर्यंत चालवला, सत्तावन्न वर्षं! विचार कर, खेड्यात बसून कुलकर्णी, सावकार, भटजी सगळ्यांच्या विरोधात लिहायचं आणि परत त्याच गावात नांदायचं. त्या काळात 'कुलकर्णी लीलामृत' हे गावाचं दप्तर सांभाळणाऱ्या कुलकर्ण्यांवरचं टीकाकाव्य लिहिणं म्हणजे गावाच्या दप्तरालाच हात घालणं होतं. वारिशेंचं मरण सगळ्यांना माहीत आहे, मुकुंदरावांचं जगणं फार कमी मुलांना माहीत असतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. तू दोन्ही वाच, एकच वाचशील तर एकतर घाबरशील नाहीतर उगाच शूर होशील.

आता पैशाचं, कारण खरी गोम तिथे आहे. तालुका प्रतिनिधीला बऱ्याच ठिकाणी पगार नसतो. थोडं मानधन असतं किंवा तेही नाही, वर "जाहिराती आणा, कमिशन घ्या". जाहिरात कोण देणार तर पुढारी, कंत्राटदार, बिल्डर, पतसंस्थेचे चेअरमन, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहायचं तेच. दिवाळी जवळ आली की प्रत्येकाला टार्गेट येतं आणि मग ज्याने पान घेतलं त्याच्या रस्त्याच्या खड्ड्यांची बातमी कशी करणार? मी अनेक चांगली पोरं इथेच संपलेली बघितली आहेत, मारहाणीने नाही तर जाहिरातीने. म्हणून माझा पहिला आग्रह हाच की पोटाची सोय बातमीच्या बाहेर करायची. आंब्याची बाग असेल तर ती, नसेल तर क्लासेस, अनुवाद, डीटीपी, कुठल्याही परगावच्या माणसाचं ऑनलाइन काम, काहीही, फक्त ते पैसे तालुक्यातल्या ज्या लोकांवर तू लिहिणार त्यांच्याकडून येता कामा नयेत. हे जमत नसेल तर अजून दोन वर्षं थांब आणि आधी ते जमव, घाई काही नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर बीए पूर्ण करायचंच, ते अर्धवट सोडायचा विषय काढू देऊ नका. त्यानंतर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला आयआयएमसी या केंद्र सरकारच्या पत्रकारिता संस्थेच्या कॅम्पसमध्ये मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा आहे, बाहेर जाणं जमत नसेल तर मुक्त विद्यापीठ आहे. माझं मत विचाराल तर वर्षभर बाहेर जावंच. गावात राहायचं असेल तर एकदा गावाबाहेरून गाव बघून यावं, शिवाय तिथे जे मित्र होतात ते पुढे मुंबई पुण्याच्या पेपरमध्ये बसलेले असतात आणि ते फार कामाला येतात, कसे ते सांगतो.

एकट्या माणसाची बातमी थांबवायची तर त्या एकट्याला थांबवलं की झालं. तीच बातमी, तीच कागदपत्रं आणखी तिघांकडे आहेत हे समोरच्याला माहीत असेल तर एकाला गाठून काही उपयोग नसतो. म्हणून जमीन, वाळू, खाण, रिफायनरी असल्या बातम्या एकट्याने करायच्याच नाहीत, जिल्ह्यातल्या दुसऱ्या पेपरच्या माणसाबरोबर करायच्या, एकाच दिवशी छापायच्या, कागद आधीच बाहेर पाठवून ठेवायचे. पहिला मीच, एक्सक्लुसिव्ह माझीच, हा हट्ट तालुक्यात परवडत नाही. धमकी आली तर तोंडी सांगून सोडायचं नाही, लगेच लेखी तक्रार, तिची पोच, आणि प्रत संपादकाला. याने शंभर टक्के सुरक्षित होतो असं मी म्हणत नाही ताई, तसं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

कायदा आहे, तो मुलाला पाठ पाहिजे. महाराष्ट्राने २०१७ ला पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध वेगळा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि तपास डीवायएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) खालचा अधिकारी करू शकत नाही. पण त्यात पत्रकार कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे, ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी नेमलेला आहे तो. आता तुमचा मुलगा वर्षभर फुकट बातम्या देतोय, हातात नेमणुकीचा कागद नाही, उद्या काही झालं तर तो पत्रकार होता हे सिद्ध करायलाच झगडावं लागेल. आणि मी वर जोडधंद्याचं सांगितलं म्हणून तर हा कागद अजूनच महत्त्वाचा. गळ्यातलं प्रेसचं आयकार्ड आणि गाडीवरचं स्टिकर याला काही अर्थ नाही, ते कोणीही छापून घेतं.

पुढे कधी स्वतःचं साप्ताहिक काढायचं मनात आलं तर १ मार्च २०२४ पासून नोंदणीचा नवीन कायदा लागू आहे, १८६७ चा जुना गेला, पूर्वीसारखं डिक्लेरेशन घेऊन कलेक्टर ऑफिसला खेटे मारावे लागत नाहीत, टायटल आणि नोंदणी दोन्ही ऑनलाइन एकत्र होतं. पण हे पाच वर्षांनंतरचं बघू.

आत्ता सुट्टीत त्याने काय करावं ते सांगतो. सातबारा, आठ-अ आणि फेरफार ही जमिनीची कागदपत्रं वाचायला शिकावं, तलाठ्याकडे किंवा एखाद्या जुन्या वकिलाकडे बसून. कोकणात निम्म्या मोठ्या बातम्या फेरफारात दडलेल्या असतात. एक माहिती अधिकाराचा अर्ज स्वतःच्या हाताने करावा, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, ते आलं नाही तर अपील करावं, त्यात किती चिकाटी लागते ते कळेल. बदनामीचं कलम काय आहे ते समजून घ्यावं कारण गाडी अंगावर घालणारे थोडे, लीगल नोटीस पाठवणारे भरपूर, आणि कागद हातात असेल तर त्या नोटिशीला उत्तर देता येतं. हे सगळं करून कंटाळा आला नाही तर हा मुलगा टिकेल असं समजायला हरकत नाही, आणि कंटाळा आला तर एमपीएससीचा फॉर्म भरायला वय आहेच, तेही वाईट करिअर नाही, हे त्यालाही सांगा.

आणि तुमच्यासाठी एक, त्याच्याशी वारिशेंवरून भांडू नका, त्यांच्या बातम्या त्याच्याबरोबर बसून वाचा. काय लिहिलं होतं, कशाच्या आधारावर लिहिलं होतं, हे तुम्हालाही कळलं पाहिजे, कारण उद्या तो असलं काही लिहील तेव्हा घरात त्याला विचारणारं कोणीतरी लागेल की कागद बघितलास का, अजून कोणाकोणाला माहीत आहे, आज घरी कुठल्या रस्त्याने येणार आहेस.

त्या पोर्टलवाल्यांकडून नेमणुकीचं पत्र याच आठवड्यात मागायला सांगा, सहीशिक्क्यासकट, मानधन किती तेही त्यात लिहून. नाही दिलं तर तिथली बातमीदारी लगेच बंद, आणि काय झालं ते मला कळवा, मग पुढच्या दोन वर्षांचं नीट बसून ठरवू.